ढीग उघडण्याआधी

मी तोंडाळ आहे, हे घरात आणि बागेत सगळ्यांना माहीत आहे. कुणाचं काही खटकलं की तोंडावर सांगते, मग समोर कुणी का असेना. म्हणूनच गेल्या वर्षी जे झालं ते मला पचवता आलेलं नाही.

कारखान्याच्या मागे नगरपालिकेची पडीक जागा होती. तिचे चौदा तुकडे पाडून चौदा घरांना भाजी लावायला दिले. माती कसली, नुसता पिवळा चिकट गोळा. ओली असली की बुटाला धरून ठेवायची आणि वाळली की कुदळीला दाद द्यायची नाही. वीस वर्षांपूर्वी माझ्या सासऱ्यांनी तिचं मनावर घेतलं. पानगळ सुरू झाली की घोड्यांच्या तबेल्यातून लीद आणि तिच्यात मिसळलेलं गवत यायचं, बागेच्या फाटकापाशी ढीग लागायचा. त्यावर पालापाचोळा, वर जुनी सतरंजी. ढीग आतून तापायचा. थंडीत सतरंजी उचलली की वाफेने चष्मा भरून जायचा. सासरे तो दोनदा उलथायचे. थंडी सरेपर्यंत त्याचं काळं, भुसभुशीत खत व्हायचं, आणि ते चौदा घरांत वाटलं जायचं.

पण खत तयार दिसलं तरी सासरे कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते सहा कुंड्या घ्यायचे. तीनमध्ये नुसती माती, तीनमध्ये तीच माती आणि ढिगातलं खत अर्धं-अर्धं. सगळ्यांत घेवड्याच्या बिया. या कुंड्या तीन आठवडे माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत ठाण मांडून बसायच्या. ओट्यावर माती सांडायची आणि मी कुरकुरत पुसायची.

कारण असं, की गवताच्या शेतात तण मारायला एक औषध फवारतात. गवताला त्याचं काही होत नाही, ते खाणाऱ्या घोड्यालाही होत नाही. औषध त्याच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, आणि खत कितीही कुजवलं तरी आत दबा धरून राहतं. ना डोळ्यांना दिसत, ना नाकाला कळत. घेवड्याला मात्र कळतं. त्याची कोवळी पानं मुठीसारखी आत वळतात. सासऱ्यांनी दुसऱ्या एका बागेची अशी धूळधाण पाहिली होती. आमच्याकडे तसं कधीच झालं नव्हतं, त्यामुळे मला ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं.

सहाही कुंड्यांत पानं सरळ आली की सासरे फाटकाशी जाऊन सांगायचे, "ढीग उघडा." लोक हातगाड्या घेऊन तयारच असायचे. कुंड्या बघायला आमच्या खिडकीशी कधी कुणी आलं नाही. सासऱ्यांना बागेत सगळे आजोबा म्हणतात; आजोबांनी बघितलंय ना, मग संपलं.

गेल्या वर्षी थंडी सरत आली आणि सासरे अंगणात घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं, सहा आठवडे हॉस्पिटल. नवऱ्याची पाळीची नोकरी, त्यामुळे डबा, कपडे, डॉक्टर सगळं माझ्या गळ्यात. स्ट्रेचरवर कळवळत असतानाही ते म्हणाले, "कुंड्या तेवढ्या लाव गं." मी म्हटलं, "लावते." पहिला आठवडा विसरले. दुसऱ्यात आठवलं, तर कंटाळा केला. तिसऱ्यात बागेतली शिंपीणबाई दारात हजर.

"वहिनी, ढिगाचं काय ते सांगा. माझी टोमॅटोची रोपं खिडकीत लांबून आडवी पडायला लागलीत."

तिच्या मागे रिटायर झालेले पोस्टमन उभे होते. त्यांना सगळे टपालकाका म्हणतात. त्यांनी एवढंच विचारलं, "आजोबांनी कुंड्या बघितल्या का?"

खरं सांगते, मला ते आवडलं. वीस वर्षांत पहिल्यांदा ढिगाबद्दल कुणी मला विचारत होतं. 'मी विसरले, अजून तीन आठवडे थांबा' असं सांगायची लाज वाटली.

"बघितल्या त्यांनी," मी म्हटलं. "हॉस्पिटलात नेऊन दाखवल्या. उघडा."

सासरे काठी टेकत घरी आले तोवर बागेत पानं वळायला लागली होती. आधी शिंपीणबाईचे टोमॅटो, मग तिच्या शेजारच्या तुकड्यावरच्या ड्रायव्हरचे बटाटे, मग सगळ्यांचंच. तिसऱ्या दिवशी सासरे हट्टाने बागेत गेले. टोमॅटोचा एक शेंडा बोटांत धरून कितीतरी वेळ वाकून बघत राहिले.

"कुंड्यांत पानं कशी आली होती?"

"लावल्याच नव्हत्या, बाबा." मी म्हटलं. "आणि लोकांना मी सांगितलं, तुम्ही बघितल्या म्हणून."

मला वाटलं आता आकाशपाताळ एक करतील. ते म्हणाले, "घरी चल. पाय दुखतोय."

रविवारी अवजारांच्या शेडमध्ये बैठक बसली. सगळे पालथ्या खोक्यांवर, सासरे एकट्या खुर्चीवर. मी ठरवून गेले होते, सगळं कबूल करायचं. तोंड उघडणार तोच सासरे बोलायला लागले.

"कुंड्या मी बघितल्या होत्या. पानं जराशी वळली होती, माझ्या लक्षात आलं नाही. डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. चूक माझी आहे."

मी गप्प बसले. मी, जी कुणाच्या बापाला भीत नाही.

लोक चांगले आहेत, हेच वाईट होतं. कुणी आवाज चढवला नाही. ड्रायव्हरच्या बटाट्याच्या पाचही सऱ्या गेल्या होत्या, तरी त्याने उठून सासऱ्यांना पाणी दिलं. शिंपीणबाई म्हणाली, "जाऊ द्या आजोबा. वीस वर्षांत एकदा झालं. पण आता तुम्हाला दगदग नको. पुढच्या वर्षीपासून ढीग टपालकाका बघतील."

सासऱ्यांनी मान हलवली. त्यांचा ढीग त्यांच्याकडून काढून घेत होते, तोही माया करून, आणि ते मला नाही बघवलं.

"त्यांच्या डोळ्यांना धाड भरलेली नाही," मी उभी राहिले. "कुंड्या लावल्याच नव्हत्या. त्यांनी मला सांगितलं होतं, मी लावल्या नाहीत. ते हॉस्पिटलात पडून होते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. तुमच्याशी खोटं मी बोलले."

शिव्या खायची माझी तयारी होती. पण माझ्याकडे कुणी बघितलंच नाही. टपालकाका सासऱ्यांकडे बघत होते.

"म्हणजे आजोबा, आत्ता तुम्ही आमच्याशी खोटं बोललात?"

"हो," सासरे म्हणाले. "घरची आहे ती."

टपालकाकांनी मान डोलावली. त्यांना ते समजलं, सगळ्यांनाच समजलं. कुणीही रागावलं नाही. ढीग सासऱ्यांकडेच ठेवायचा असं ठरलं आणि लोक उठले.

औषध मातीतून जायला दोन वर्षं तरी लागतात. तोवर माती उकरत राहायची, वर पाचोळ्याचं जाड आच्छादन घालायचं आणि मका तेवढा लावायचा, तो गवताच्याच जातीचा, त्याला काही होत नाही. उन्हाळाभर चौदाही तुकड्यांवर पाचोळ्याची पोती मी वाहिली. शिंपीणबाई पुन्हा माझ्याशी बोलायला लागली, ड्रायव्हर चेष्टाही करायला लागला. मला त्यांनी लवकर माफ केलं.

यंदाचा ढीग दुसऱ्या गोठ्यातल्या शेणाचा. सहा कुंड्या सासऱ्यांनी बाहेरची माती आणून स्वतः लावल्या, रोज चष्मा पुसून बघितल्या. सहाही सरळ. सकाळी स्वच्छ शर्ट घालून ते काठी टेकत फाटकाशी गेले, मी मागे. लोक जमलेच होते.

"ढीग उघडा," सासरे म्हणाले.

एकही हातगाडी हलली नाही. टपालकाका पुढे आले. त्यांच्या हातात एक छोटी पिशवी होती.

"उघडू या आजोबा. आधी थोडं थोडं खत घरी नेतो. आम्हीही कुंड्या लावून बघतो. तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

मग माझं लक्ष गेलं. पिशवी सगळ्यांच्याच हातात होती. एकेक जण वाकला, मूठ-दोन मुठी भरून घेतल्या, सासऱ्यांना नमस्कार केला आणि गेला.

"बरोबर आहे," सासरे म्हणाले. "असंच करायला पाहिजे." ते दोनदा म्हणाले, आणि तेव्हा तिथे ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

त्या रविवारी शेडमध्ये मी त्यांची बाजू घ्यायला उभी राहिले होते.