टाकाची जागा

डोरल्याच्या शेजारी, दोन काळ्या मण्यांच्या मधे, दोरी उघडी पडली होती. जागा बोटाच्या पेराहूनही कमी, पण शालनचं बोट सकाळपासून पुन्हा पुन्हा तिथंच जात होतं, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं. तिथं टाक असायचा, हौसाचा. चिंचोक्याएवढा, चांदीचा, वर नुसता दोन पावलांचा ठसा. हौसा ही हंबीररावांची पहिली बायको. ती बाळंतपणात गेली, शालन दुसरेपणावर आली, आणि अंगावरची हळद वाळायच्या आधी थोरल्या नणंदेनं, आक्कांनी, मेलेल्या सवतीचा टाक तिच्या गळ्यात ओवला. नवं लुगडं आधी टाकाला लावायचं, मग नेसायचं. सणाचा पहिला घास टाकाला. थोरली ती, तिचा मान पहिला... जिवंत सवतीशी निदान भांडता तरी येतं.

आणि हे सगळं आता कुठं आठवावं, तर प्राग शहराच्या जुन्या चौकात, साता समुद्रापलीकडं, स्वेटरवर पदर लपेटून, पायमोज्यांवर चपला घालून! हंबीररावांचा कोल्हापुरात उद्यमनगरात ओतकामाचा कारखाना, यंत्रांच्या प्रदर्शनाला म्हणून त्यांना इकडचं बोलावणं आलं, आणि ते आपण होऊन म्हणाले, "चल, तुलाबी दावतो." दहा-अकरा वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच. त्या शब्दांवर शालन महिनाभर तरंगत होती. दोघंच जायचं. दोघांचाच एक फोटो काढायचा, कारण दुसऱ्या लग्नात फोटोग्राफर बोलवायचं कुणाला सुचलं नव्हतं.

निघायच्या दिवशी आक्का म्हणाल्या, "टाक ठिवून जा गं. पितरपाटातली नवमी येतीया, हौसाच्या नावानं सवाष्ण जेवाय घालायची. पाटावर टाक नगो?"

"असू दे की गळ्यात, आक्का," शालन म्हणाली, "एवढ्या लांब चाललोय."

आक्कांची पाठ वळली तशी तिनं टाक सोडवला आणि जोंधळ्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून तळाला पुरला. आता तो ना आक्कांच्या पाटावर, ना हिच्या गळ्यात. आणि नवमी तर आजच होती. म्हणजे आज हौसाला कुणीच जेवायला वाढणार नव्हतं.

"बघ, बघ, सांगाडा दोरी वढाय लागलाय," हंबीरराव म्हणाले. चौकातल्या भिंतीवरच्या त्या थोरल्या घड्याळात तास भरला होता. एक हाडांचा पुतळा घंटेची दोरी ओढत होता, वरच्या खिडकीतून साधूंची रांग सरकत होती, खाली माणसं माना वर करून हसत होती. "पाचशे वर्षं झाली म्हणं. गिअर कसं वतलं आसतील, आं?"

शालनला मात्र घंटेच्या आवाजातही मघाचंच काही ऐकू येत होतं. चौकात येताना फरशीच्या दगडांवर त्यांच्या बुटांचा आवाज, तिच्या चपलांचा, आणि त्यांच्या मागं, अर्ध्या पावलाच्या अंतरानं, अनवाणी पायांचा... वळून बघावं तर परक्या देशातली परकी माणसं. हौसाचा चेहरा तिला माहीत नव्हता. घरात फोटो नव्हता. तिनं स्वतःच तो इतक्या वर्षांत घडवला होता — आपल्यापेक्षा उजळ, नाक आपल्यापेक्षा तरतरीत. हंबीरराव संध्याकाळी सोप्यात गप्प बसले की शालनला वाटायचं, ती आली. ते झोपेत कूस बदलायचे तर वाटायचं, तिच्याकडं वळले. नुसती दोन पावलं गळ्यात, पण घरभर तीच हिंडायची.

खानावळीत टेबलावर तीन बशा मांडलेल्या होत्या. वाढणाऱ्यानं दोघांना वाढलं आणि तिसरी तशीच राहू दिली. शालननं आपल्या बशीला हात लावला नाही.

"का गं, जेवंना झालीस?"

"आज नवमी हाय."

"कसली नवमी?"

"हौसाक्काची."

"व्हय की," बटाटा कापत हंबीरराव म्हणाले. "आक्का बघंल ते."

शालननं पाण्याचा घोट घेतला. मग इतकी वर्षं जिभेवर येऊन परत गेलेलं तिनं विचारलं, "तुमास्नी आठवती का ओ ती?"

हंबीररावांनी सुरी खाली ठेवली. ओतकामात भेग कुठं पडली ते शोधावं तसा त्यांनी मनापासून विचार केला. "खोटं कशाला बोलू. तोंड न्हाय बघ आठवत आता. तुझ्या गळ्यात टाक दिसला की तेवढं नाव आठवतं." आणि असं म्हणताना त्यांनी तिच्या गळ्याकडं पाहिलंसुद्धा. टाक नाही हे त्यांना दिसलं नाही. ते पुन्हा जेवायला लागले.

आनंद व्हायला हवा होता. हेच तर ऐकायचं होतं... मग तो होत का नव्हता? म्हणजे सोप्यात बसून हे कारखान्यातल्या ओतीव बिडाचा विचार करत होते, आणि मी एकटीच तिला उठवत होते, बसवत होते, तिच्यापायी झुरत होते. बरोबर संसार केलेली बाई, त्यांचं मूल पोटात घेऊन मेलेली, तिचं तोंडसुद्धा राहिलं नाही. तिला जिवंत ठेवली ती मीच, आणि मीच तिला जोंधळ्यात पुरून आले. उद्या मी गेले तर माझी पावलं कुणाच्या गळ्यात? शालनला भीती वाटली, पण ती हौसाची नव्हती. समोर बसून चवीनं जेवणाऱ्या, मनानं चांगल्या असलेल्या आपल्या नवऱ्याची वाटली.

तिनं पावाचा तुकडा मोडला, वर बटाट्याची फोड ठेवली आणि तिसऱ्या बशीत वाढली.

"त्ये कुणाला?"

"असू दे."

दुपारी नदीवरच्या दगडी पुलावर हंबीररावांनी एका म्हाताऱ्याच्या हातात कॅमेरा दिला आणि खुणेनं सांगितलं, दोघांचा काढा. हाच तो फोटो. म्हाताऱ्यानं कॅमेऱ्याला डोळा लावला, मग हात हलवला — जवळ या, आणखी जवळ. हंबीरराव सरकले. शालनही सरकली, पण पलीकडं.

"अगं हिकडं ये की. मधी केवढी जागा सोडलीस."

"ऱ्हाऊ दे," शालन म्हणाली. तिचं बोट दोरीवरच्या त्या उघड्या जागी टेकलं होतं आणि तिला घरी, जोंधळ्याच्या डब्याशी, कधी जाते असं झालं होतं. म्हातारा पुन्हा हात हलवत होता. ती तेवढी जागा सोडून तशीच उभी राहिली.