उजवा पाय आत

“खरं सांगू का आई, या गाडीला ड्रायव्हर ठेवायची गरजच नाही,” ती मुलगी म्हणाली आणि जीपखाली आडव्या पडलेल्या इतवारीचे पाय हलायचे थांबले.

मुलीचं नाव रक्षा. भंडाऱ्याच्या शोरूममधून ती सकाळीच गाडी दाखवायला सानगडीला आली होती, आमच्या राईस मिलच्या अंगणात. गाडी काळी, उंच, अंगावर चिखलाचा एक थेंब नसलेली. माझा मुलगा धर्मेंद्र तिच्याभोवती फिरत होता आणि दर फेरीत कुठेतरी नव्या जागी हात लावून बघत होता.

गाडी घ्यायची हे ठरलंच होतं. भांडण मॉडेलचं होतं. खालच्या मॉडेलच्याही चारही चाकांना जोर होता, जंगलातल्या वाटेला आणि धानाच्या बांध्यांतल्या चिखलाला तो पुरेसा होता. पण त्यात गिअर हातानं टाकायचे. टॉप मॉडेलचे गिअर आपोआप पडायचे. धर्मेंद्रला गिअर टाकायचा कंटाळा, म्हणून तर इतवारी अजून कामावर होता. टॉप आलं की धर्मेंद्र स्वतः चालवणार आणि इतवारी जाणार. खालचं आलं तर तो राहणार. मिल माझ्या नावावर होती, सही माझी लागणार होती. घरात हे कोणी उघड बोलत नव्हतं आणि अंगणातल्या कुत्र्यापर्यंत सगळ्यांना ते माहीत होतं.

“गाडी मागं घेताना चारी बाजूंचं चित्र समोर पडद्यावर दिसतं,” रक्षा सांगत होती.

“काहून? मान नाई फिरत का यायची?” जीपखालून आवाज आला.

“उन्हाळ्यात सीट आतून गार होते.”

वैशाखात मला कुठं जायचं असलं की इतवारी आधी तासभर माझ्या सीटवर ओलं पोतं अंथरून ठेवायचा. लुगड्याला मागून ओल यायची. मी रागवायचे. “मंग भाजा,” म्हणायचा. माझे यजमान होते तेव्हापासून आमचं असंच चालत आलं होतं. तलावात मासे धरणाऱ्या ढिवराचा हा पोरगा मिलमध्ये पोती उचलायला आला आणि यजमानांनी सरकारी लिलावातली जीप घेतली तेव्हा सरळ तिच्या स्टिअरिंगवर जाऊन बसला. “मले येते,” म्हणाला. येत नव्हती. पहिल्याच दिवशी त्यानं मिलच्या फाटकाचा खांब पाडला. यजमान त्याला शिव्या देत राहिले आणि तो चालवायला शिकत राहिला.

“चढावर गाडी जराही मागं सरकत नाही. आणि खास आईंसाठी हे बघा...” रक्षानं दार उघडलं, तशी खालून एक पायरी आपोआप बाहेर आली.

इतवारी जीपखालून निघाला. हात पुसत त्या पायरीकडं बघत राहिला.

“जीभ काढून दाखवते का वं हे गाडी?”

रक्षाला हसू आलं. धर्मेंद्रला नाही.

“इतवारी, तू चूप बस. तुले कोणी विचारलं?”

लहानपणी धर्मेंद्र त्याला काका म्हणायचा, त्याच्या खांद्यावर बसून तलावावर जायचा. मिलचा कारभार हाती आला आणि काका गळून पडला, नुसता इतवारी राहिला.

“इतवारी चालवून पाहील,” मी म्हटलं.

“कायले? चालवणार मी आहे.”

“बसणार मी आहे. त्याला ही जमली तर टॉप घेऊ, तोच चालवेल. नाही जमली तर खालचं घेऊ.”

“वा!” धर्मेंद्रनं रक्षाकडं पाहिलं, जणू ती पंच होती. “याले येत नाही म्हणून मी खालचं घेऊ? गाडी कोणासाठी घेऊन राहिलो आपण, आई? घरच्यांसाठी का नोकरासाठी?”

 इतवारीनं जीपच्या मागून त्याचं ते बुटकं स्टूल काढलं. माझे गुडघे गेले तेव्हा मिलच्या मोडक्या फळ्या ठोकून त्यानंच ते केलं होतं. नव्या गाडीच्या दारासमोर त्यानं ते ठेवलं. पायरी बाहेर यायला निघाली, स्टुलावर आपटली आणि गाडी टीं टीं करायला लागली.

“अरे पायरी आहे ना!” धर्मेंद्र ओरडला.

मी स्टुलावर डावा पाय ठेवला.

“उजवा आत टाका, उजवा,” इतवारी करवादला. “रोज सांगा लागते.”

धर्मेंद्र आणि रक्षा मागं बसले. गाडी फाटकाबाहेर पडली आणि लगेच अशी थांबली की धर्मेंद्रचं कपाळ माझ्या सीटवर आदळलं. इतवारीचा डावा पाय क्लच शोधत होता आणि ब्रेकवर पडत होता. पुन्हा चालली, पुन्हा आदळली.

“क्लच खाऊन टाकला का यायनं?”

“काका, डाव्या पायाला कामच नाही हिच्यात,” रक्षा म्हणाली.

“मंग ठेवू कुठी?”

शेवटी त्यानं चप्पल काढून डावा पाय सीटवरच दुमडून घेतला आणि अर्धी मांडी घालून गाडी चालवायला लागला. रक्षा मागून “सीट, काका, सीट!” करत होती. पण गाडी आता सरळ, अलगद चालली होती. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फार वर्षांत पाहिलं नव्हतं. फाटकाचा खांब पाडला त्या दिवशी तो असाच हसला होता.

“जमली का?” मी विचारलं.

“यात जमाचं काय हाय? पोट्ट्यायचा खेळ हाय हा.”

मागं धर्मेंद्र मोबाइलवर बोटं आपटत होता.

फाल्गुन सरत आला होता. आमच्याकडं या दिवसांत लाखोरी, म्हणजे लाखेच्या डाळीचं पीक, निघते आणि लोक ती वेलांसकट सडकेवर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली शेंगा फुटतात, दाणा सुटतो. बाकीचे गाडीवाले चिडून बाजूनं काढतात. इतवारी कधी बाजूनं काढत नसे. जीप मुद्दाम पुढं-मागं फिरवून तो अख्खा पसारा मळून द्यायचा, मला कितीही उशीर झालेला असो. बदल्यात कोणी वाटाणे द्यायचं, कोणी नुसतं पाणी.

वळणावर लीलाबाईची लाखोरी पसरली होती. गाडी पाहून ती हातातलं सूप हलवत पुढं आली.

“इतवारीभाऊ! नवी घेतली का? मारा ना चार चकरा, उन्ह हाय तवरी!”

“बाजूनं काढ,” धर्मेंद्र म्हणाला.

इतवारीनं ऐकलं नाही. गाडी लाखोरीवर घातली, पुढं नेली, मागं घेतली. पडद्यावर चारी बाजूंनी पिवळी वेलं दिसत होती आणि गाडी टीं टीं करत होती. त्यानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं होतं, जीपमध्ये काढायचा तसंच. जीप पोटाशी मोकळी, वेलं खालून वाहून जायची. या गाडीचं पोट झाकलेलं होतं. वेलं कुठंतरी अडकत गेली, दबत गेली.

जळका वास मलाच आधी आला.

“बंद करा! खाली सायलेन्सर तापलेला असतो!” रक्षा किंचाळली. “उतरा सगळे!”

बोनेटखालून धूर निघत होता. धर्मेंद्रनं मला ओढूनच उतरवलं. लीलाबाईच्या घरच्यांनी पाण्याचा ड्रम आणला, घमेल्यांनी माती मारली. इतवारी पोटावर पडून हातांनी जळती वेलं ओढत होता. गाडी वाचली. खालचं रबर आणि एक नळी जळली. लाखोरी मात्र अर्धी काळी पडली, अर्धी भिजून चिखल झाली.

“मी जीपले सांगत होती का या हत्तीले?” लीलाबाई त्याच्या अंगावर धावून आली. “तुमाले समजत नाई का इतवारीभाऊ?”

“तूच तं म्हनली ना वं!”

“मी म्हनली! मी बाई हाव, मले गाडीतलं काय समजते? तुम्ही डायवर ना?”

 धर्मेंद्रनं तेवढीच संधी साधली.

“सुनलं? डायवर ना तू? बुढा झाला, डोस्कं गेलं. घरी बसून मासोळ्या धर आता!”

“आवाज खाली कर,” मी म्हटलं. “आणि लीलाबाईची लाखोरी मिलमधून भरून पाठव.”

“सगळं मीच भरत राहू. यानं जाळायचं आणि मी भरायचं.”

गाडी ओढून न्यायला भंडाऱ्याहून माणूस यायचा होता, तोवर आम्ही लीलाबाईच्या मांडवात बसलो. कोणी पाणी विचारलं नाही. इतवारी तसाच चालत सानगडीला गेला आणि आम्हाला न्यायला जीप घेऊन आला. हाताला फडकं गुंडाळलेलं होतं. स्टूल ठेवलं. “उजवा” म्हणाला नाही.

दिवेलागणीला तो पडवीत आला आणि जीपची किल्ली माझ्यासमोर ठेवली.

“वरचीच घ्या बाई. टॉपची.”

“तू मला शिकवू नको. खालचं मॉडेल घेणार आहे मी. गिअरचं. तुला येतं ते.”

“कायले? गावात लोक म्हनतीन, इतवारीच्या पायी बुढीनं पोराले खालची गाडी घेऊन देल्ली. पोरगा मले रोज टोचन, तुम्ही रोज त्याले टोचसान. मी मधात चटनीसारखा वाटल्या जाईन.”

“म्हणजे मी दया करून राहिले, असं म्हणतोस?”

“नाई तं काय करून राहिल्या?”

“मला गाडीत बसायला माणूस लागतो, इतवारी!” माझा आवाज चढला. आतून धर्मेंद्रनं टीव्ही बारीक केल्याचं मला कळलं. “चढता येत नाही मला.”

“पायरी हाय ना तिले.”

असं म्हणून तो पडवीतून उतरला. जीपच्या मागून त्यानं स्टूल काढून काखेत मारलं.

“ते कुठं नेतोस?” आतून धर्मेंद्र बाहेर आला होता. “फळ्या मिलच्या आहेत.”

“खिळे माये हाय,” इतवारी म्हणाला. “फळ्या काढून पाठवू का?”

  फाटकाच्या खांबाजवळ तो क्षणभर थांबला, स्टूल दुसऱ्या काखेत घेतलं आणि गेला.

टॉप मॉडेलच आलं. सही मी केली. काळंच.

पहिल्यांदा लाखांदूरला माझ्या भाचीकडं निघालो. मी दाराशी गेले, पायरी बाहेर आली. धर्मेंद्र स्टिअरिंगवर बसून फोनवर बोलत होता. मी पायरीवर डावा पाय ठेवला आणि तशीच उभी राहिले.

“बस ना आई. काय झालं?”

“काही नाही,” मी म्हटलं आणि उजवा पाय आत टाकला.

सीट गार होती. कोरडी गार. लुगड्याला काही लागलं नाही.

तलावाच्या पाळीवरून गाडी निघाली. इतवारीचं घर पाळीखालीच आहे. तो अंगणात जाळं दुरुस्त करत बसला होता, त्याच स्टुलावर, सडकेकडं पाठ करून. गाडीचा आवाज त्याला ऐकू गेला असणार. हातातली सुई थांबली. धर्मेंद्रनं हॉर्न दिला, कशासाठी कोण जाणे.

त्यानं मान फिरवली नाही. गाडी पुढं गेली तेव्हा सुई पुन्हा चालू लागली.