काही न दिलेली वाटी

कत्तलखान्यातून आणलेली मेंढ्यांची अंडाशयं थर्मासमधून काढायची, त्यांचे नखाएवढे तुकडे करायचे आणि काचेच्या वाट्यांत जगवायचे, हे माझं काम. अर्ध्या वाट्यांत वाढीचं प्रथिन घालायचं, अर्ध्या तशाच ठेवायच्या. मग तुकड्यातली झोपलेली फॉलिकल्स, म्हणजे अंडं पोटात घेऊन बसलेल्या बारीक पिशव्या, जाग्या होतात का ते बघायचं. इतकी वर्षं बघतेय, की आता मीच उभ्या उभ्या झोपते.

मागच्या महिन्यात मात्र फॉलिकल्स चांगली टरारून फुगली. मी हुरळले आणि ताईला फोन केला. “वाढतायत गं!” एवढंच म्हणाले. ताईला मूल नाही. डॉक्टरांचे उंबरे झिजवून तिचा जीव मेटाकुटीला आलाय; भावजींचा उत्साह मात्र तसाच. तिचा फोन नेमका स्पीकरवर होता. भावजींनी लगेच असलंच प्रथिन थेट अंडाशयात टोचणारा दवाखाना हुडकून काढला. सुई उद्या सकाळी. त्याआधी एकदा डोळ्यांनी बघायचं म्हणून ताई आज दुपारी प्रयोगशाळेत आली.

आमच्याकडे मोजणाऱ्याला कुठल्या वाटीत काय घातलंय ते कळू देत नाहीत. शेजारच्या टेबलावरचे सहकारी, ज्यांना सगळे गुरुजी म्हणतात, वाट्यांवर खुणा करतात आणि मोजून झाल्याशिवाय त्यांचा अर्थ सांगत नाहीत. आजवर आम्ही फक्त जाडी मोजायचो. फुगलं म्हणजे वाढलं! या खेपेला गुरुजी हटून बसले, की तुकड्यांचे पातळ काप काढून, रंग देऊन आतही बघायचं. कटकट नुसती. पण केलं.

आज सकाळी एका वाटीतली अंडी मेलेली दिसली, तेव्हा ती साधी वाटी असू दे, असं मी मनातल्या मनात म्हणत होते. गुरुजींनी खूण उलगडली. प्रथिन त्याच वाटीत होतं. मला रडूच आलं.

ताई पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसली. मी तिला त्या वाटीतली काचपट्टी मायक्रोस्कोपखाली लावून दिली.

“अगं बाई, केवढाली झालीत!”

“मधला गोळा बघ.”

तिनं डोळा आणखी जवळ नेला. “सुरकुतलाय.”

“ते अंडं. भोवतालच्या पेशी वाढत गेल्या आणि ते आतल्या आत मेलं. आम्ही नुसती पिशवीच मोजत बसलो होतो.”

“म्हणजे माझ्यातही असंच होणार?”

“ही मेंढी आहे ताई, तीही काचेत. तुझ्यात काय होईल ते मला माहीत नाही.”

“म्हणजे चांगलंही होऊ शकेल?” पाहुणे आणखी राहणार आहेत का, असं विचारावं तसं तिनं विचारलं.

मी दुसरी काचपट्टी लावली. बारीक, झोपलेली फॉलिकल्स. काही गेलेली, पण बहुतेकांमधलं अंडं गोल, धड.

“यांना काय दिलंस?”

“जगण्यापुरतं. बाकी काही नाही. ही तुलनेसाठीची वाटी.”

ताईनं डोळा हलवला नाही. “मला या वाटीत ठेव ना गं,” ती म्हणाली. “फार दमले मी. मी नको म्हटलं तर ह्यांचं मन मोडेल. तूच सांग. तुझं ऐकतात.”

हातातले रबरी मोजे ओले होते, म्हणून फोन टेबलावरच ठेवून भावजींना स्पीकरवर लावला.

“भावजी, उद्याची सुई नको. आमच्याकडे आतली अंडी मेली. तुमच्याकडे काय होईल ते सांगता येत नाही, पण मी नको म्हणतेय.”

मला वाटलं, आता वाद घालणार.

“नक्की नको ना?” भावजींचा आवाज एकदम खाली आला. “सुटलो बघ. मला आता तिला दवाखान्यातल्या त्या टेबलावर झोपलेलं बघवत नाही. पण तिची आशा मी कशी मोडू? तिला सांगू नकोस हं, मी असं म्हणालो ते.”

ताईनं मायक्रोस्कोपवरून मान वर केली. डोळे पुसले, फोन जवळ ओढला.

“अहो,” ती म्हणाली, “जेवलात का?”