पाणकावळ्यांचे पंधरा सामने

ग्वाक दॉकसानला या मोसमात अठ्ठावीस डोकी मिळायची होती.

'पाणकावळे' या बेसबॉल संघाने खेळाडूंसाठी दक्षिण कोरियातल्या येओसू बंदरावरचं खलाशांचं जुनं विश्रामगृह भाड्याने घेतलं, ते नेमकं ग्वाकच्या केशकर्तनालयासमोर. खेळाडू अठ्ठावीस. महिन्याला दोन खेपा धरल्या तर छप्पन्न. शिवाय पिचर, म्हणजे संघाचा गोलंदाज, ज्या खुर्चीत बसला तिच्यात आपलंही बूड टेकावं म्हणून जी गिऱ्हाइकं येतील ती वरकड. हा हिशेब मांडून ग्वाकने फेब्रुवारीतच लाल रेक्झिनची नवी खुर्ची आणली. खेळाडू तेव्हा दूर सराव शिबिरात होते. तिथे दीड महिना कोणी केस कापले नव्हते. पहिले दोन सामने आटोपले की सोमवारच्या सुट्टीत सगळे एकदमच येतील, असं ठरलं होतं.

ग्वाक नुसता कात्री चालवणारा नव्हता, अकरा वर्षं पाणकावळ्यांचा भक्तही होता. या अकरांतली चार वर्षं संघ तळाला होता आणि सात तळाच्या आसपास. पण भक्ती असल्या गोष्टी बघून करायची नसते. मार्चमध्ये शेजारचा बान जोंगपिल दाढीला बसलेला असताना ग्वाक ब्रश फिरवत म्हणाला, "बघा बान दादा, यंदा पहिले पंधराच्या पंधरा मारणार आपण."

बानचं वाम माशाच्या रश्श्याचं हॉटेल होतं आणि जीभही तशीच झणझणीत होती.

"पंधरा?" त्याच्या ओठांवरचा फेस उडाला. "गेल्या वर्षी पहिल्या पंधरांत दोन जिंकले, त्यातला एक समोरच्यांनी दान दिला! अरे, हे पंधरा ओळीने जिंकले ना, तर स्टेडियमच्या दारात तुझ्याकडून चकोट करून घेईन. आणि पैसे रोख मोजीन!"

बाकावरच्या चौघांनी हे ऐकलं. बानचे केस म्हणजे काय चीज होती हे ठाऊक असल्याशिवाय या बोलण्याची किंमत कळायची नाही. वय सहासष्ट. बरोबरीच्यांच्या माथ्यावर नुसती उघडी माळरानं, आणि याच्या डोक्यावर काळंभोर जंगल. काळेपणा बाटलीतला होता, पण जंगल अस्सल होतं.

पाणकावळ्यांनी पहिले दोन सामने जिंकले. सोमवारी ग्वाक सकाळी सातपासून पांढरा डगला चढवून दारात उभा. दहा वाजता समोरून कप्तान थाक एकटाच आला. कमरेत वाकला.

"काका, माफ करा. जिंकत असताना काही बदलायचं नाही. हरेपर्यंत कोणाच्याही केसाला कात्री लागणार नाही."

"अरे, दोन तर जिंकलात!"

"आपल्या संघात दोन म्हणजे लाट असते, काका."

आणि खरोखर लाटच निघाली. पाच झाले, सात झाले. आठव्याला गावाला पटलं की हे केसांमुळेच होतंय. दुकानाकडे निघालेला फेरीबोटीचा तांडेल अर्ध्या वाटेवरून परत फिरला, हेडमास्तरांनी हजामतीची ठरलेली वेळ रद्द केली. दहाव्या विजयानंतर बानला आपलं मार्चमधलं बोलणं आठवलं असावं, कारण दुसऱ्याच दिवशी हॉटेलावर फलक लागला: 'पाणकावळे हरेपर्यंत कात्री वर्ज्य. वाढलेल्या केसांना भाताची जादा वाटी.' भक्तीचा हा उमाळा कुठून आला ते ग्वाकने बरोबर ताडलं. हरेपर्यंत कात्री नाही, आणि हरले तर शब्द पाळायला नको. बानच्या जंगलाला दोन्ही बाजूंनी कुंपण.

ग्वाक संध्याकाळी घसा बसेपर्यंत ओरडे आणि सकाळी रिकाम्या लाल खुर्चीवरची धूळ झटके.

"योंगजूचे बाबा," त्याची बायको बुनरे मोहरीच्या पाल्याची किमची ताटात टाकत म्हणाली, "स्वतःचा धंदा बुडावा म्हणून इतक्या जोरात ओरडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही."

"चौदा झाले, चौदा!"

"झाले ना. आणि या आठवड्यात गिऱ्हाइकं किती झाली? एक. तेही टकलं, कानातले केस काढायला आलेलं."

हे बोलणं सोमवारी दुपारचं. पंधरावा सामना मंगळवारी. ताटं उचलली जात होती तेवढ्यात मागचं दार वाजलं. दारात इनग्यू. मधल्या मैदानात उंच झेल घेणारा, संघातला सगळ्यात चपळ पोरगा. बटा टोपीखालून निघून नाकापर्यंत आलेल्या.

"काका, कापा."

ग्वाकने आधी दार लावलं. इनग्यूचे केस मुळातच दाट. घाम आला की बट डोळ्यात जाई. रविवारी असाच एक सोपा चेंडू त्याच्या मागे पडला, दोन धावा गेल्या, सामना नवाच्या पुढे जादा डावांत गेला आणि कसाबसा अकराव्यात वाचला. प्रशिक्षकाने बजावलं होतं, आणखी एक झेल सुटला तर बाकावर बसशील.

"पिन लाव की."

"लावली होती. कप्तान म्हणाला, पिन म्हणजे पण बदलच."

ग्वाक टेकला. कापायला नकार दिला तर पोरगा उद्या बहुधा झेल सोडणार. संघ हरणार. परवा सकाळी अठ्ठावीस डोकी दारात, मागोमाग अख्खं गाव. हातही न हलवता मिळणारी कमाई ती हीच. उलट कापले आणि तरीही हरले, तर येओसू म्हणेल, ग्वाकने खुर्ची भरायला लाट मोडली. मग या गावात त्याच्याकडे गळा देऊन कोण बसेल?

बुनरे ताटं हातात धरून नवऱ्याकडे बघत होती. "असे काय बसलात? पोराला दिसत नाहीये," ती म्हणाली.

ग्वाकने दातेरी कात्री काढली. वरचा थर तसाच राखून खालून, आतून, चिमटीचिमटीने केस विरळ केले. कपाळावरच्या बटा टोकांना तिरक्या छाटून कानामागे वळवल्या. वरून पाहणाऱ्याला तसूभर फरक नाही, आणि वर्तमानपत्रावर पडले ते बाळाची उशी भरेल इतके.

इनग्यूने पाकीट काढलं.

"ठेव ते," ग्वाक म्हणाला. "पैसे दिलेस तर ती हजामत होईल. नाही दिलेस, तर काकाने पोराच्या डोक्यावरून हात फिरवला, बस."

मंगळवारी स्टेडियम फुटायचं बाकी होतं. नववा, शेवटचा डाव. पाणकावळे चार, पाहुणे तीन. पाहुण्यांचा एकच गडी उरलेला, पण दोन खेळाडू बेसवर टपलेले. चेंडू जमिनीवर पडला की दोघं धावत घरच्या बेसवर आणि पाहुणे पुढे. फलंदाजाने चेंडू असा टोलवला की तो दिव्यांच्या वर गेला. इनग्यूने पाठ वळवली आणि धावत सुटला. कुंपणाला पाठ लागता लागता इनग्यूने मान वर केली. डोळे सताड उघडे, मध्ये एक केस नाही. चेंडू हातमोज्यात बसला तो आवाज ग्वाकने पुढे वर्षभर सांगितला. त्या गोंगाटात तो ऐकू येणं शक्यच नव्हतं.

पंधरा!

मार्चमध्ये बानचा शब्द ऐकलेले बाकावरचे ते चौघे आधीच दुकानाकडे पळाले होते. लाल खुर्ची हातगाडीवर घालून त्यांनी स्टेडियमच्या दारात आणली. बानला लोकांनी उचलूनच आणलं.

"थांबा रे! नियम म्हणजे नियम!" बान दोन्ही हातांनी डोकं झाकून ओरडला. "हरेपर्यंत कात्री नाही! आज माझे कापले आणि उद्या हरलो, तर पाप कोणाचं? या ग्वाकचं! बोल ना ग्वाक, घेतोस अंगावर?"

खेळाडू बसमध्ये चढता चढता थांबले. एक वाक्य बोललं की दुकान उघडणार होतं, आणि ते वाक्य ग्वाकच्या जिभेवर होतं. पण त्यात पोराचं गुपित होतं. त्याने ते गिळलं.

"दादा म्हणतात ते खरंय," तो म्हणाला. "नियम कप्तानाचा आहे."

तेव्हा इनग्यू पुढे आला. टोपी काढली, वरचा थर बोटांनी उचलून थाकला आतलं दाखवलं.

"मी काल कापले."

थाकने त्याचं डोकं कलिंगडासारखं फिरवून पाहिलं. "कोणी?"

"नाव नाही सांगणार."

"सांगू नकोस. चोरी इतकी सफाईने करणारा हात येओसूत एकच आहे." थाक हसायला लागला. "म्हणजे आजचा झेल कापलेल्या केसांचा! काका, बान आजोबांचं उरकलं की मला बसवा. मानेला खाज सुटलीये तीन आठवडे."

असा जल्लोष बंदराने पूर्वी ऐकला नव्हता. बोटींनी भोंगे दिले. लाल खुर्चीत बान डोळे मिटून बसला आणि त्याचं जंगल येओसूच्या साक्षीने उतरलं.

"डोकं छान गोल आहे हो दादा," ग्वाक म्हणाला.

"गप्प बस. कानाकडे जप."

सोळावा सामना पाणकावळ्यांनी कापलेल्या डोक्यांनी जिंकला.

आता कोणी काय भरलं ते सांगतो. अठ्ठावीस डोक्यांचे पैसे संघाने भरले, तांडेलाचे तांडेलाने, हेडमास्तरांचे हेडमास्तरांनी. इनग्यूने सोमवारचे द्यायला चारदा हात पुढे केला. ग्वाक चारही वेळा म्हणाला, डोक्यावरून हात फिरवण्याचे मी घेत नाही. बानने चकोटाचे भरले, शब्दाप्रमाणे रोख. वर, आपल्याला आता लागणार नाही म्हणून काळ्या रंगाची अर्धी बाटली पूर्ण किमतीत बुनरेच्या गळ्यात मारायला बघितली. तिने घेतली नाही.