गुन्वोरच्या साठीतलं भाषण

अंगातला कोटही न काढता टोर्नीने रोलंडला गाठलं आणि भाषणासाठी नाव दिलं. गुन्वोरच्या साठीचा सूत्रधार रोलंड. त्याला आधी सांगितल्याशिवाय मेजवानीत कुणी उठून बोलायचं नाही.

"अरे वा, अख्ख्या जगाला नाचवणारा माणूस आमच्या आल्फ्ता गावात!" रोलंड म्हणाला. "लांबण लावू नकोस म्हणजे झालं. गाण्यानंतर तुझा नंबर."

तरुणपणी गुन्वोर गावच्या बँडमध्ये गायची आणि टोर्नी अकॉर्डियन वाजवायचा. एकदा तिच्या स्वयंपाकघरात, ती पाठमोरी कॉफी करत असताना, त्याला एक चाल सुचली. चाल तिच्यासाठीच होती, पण हे तिला सांगेल तर तो टोर्नी कसला! ती चाल घेऊन तो स्टॉकहोमला गेला. कुणीतरी तिच्यावर इंग्रजी शब्द चढवले, एका पोरीने ती गायली आणि गड्याचं नशीब फळफळलं. मग गाण्यांमागून गाणी, भिंतभर बक्षिसं. दोन लग्नं मात्र टिकली नाहीत. आता मोठ्या घरात तो एकटाच कॉफी करतो आणि एकटाच पितो.

गुन्वोरचा नवरा स्टूरे जाऊनही आता बरेच दिवस झाले होते. ती चाल तुझ्यासाठीच सुचली होती, एवढं आज सगळ्यांसमोर सांगायचं, मग ती काय म्हणेल ते म्हणो, असं ठरवूनच तो आला होता.

पाहुण्यांनी रीतीप्रमाणे ओळखीच्या चालीवर थट्टेचे शब्द रचले होते. त्यांनी निवडली नेमकी तीच चाल. गुन्वोरने हरणावर नेम धरून शेजाऱ्याची टपालपेटी कशी फोडली, ते सगळे टेबलं बडवत गायले.

गाणं संपल्यावर गुन्वोर डोळे पुसत त्याच्या शेजारी येऊन टेकली.

"टोर्न्या, तुझे आभार मानायचे राहूनच गेले बघ. स्टूरेने विचारलं तेव्हा मी नाहीच म्हणणार होते. तेवढ्यात रेडिओवर तुझं हे गाणं लागलं आणि तो वेडा अंगणात, बर्फात, एकटाच नाचायला लागला. मला हसू फुटलं आणि तोंडून होच निघून गेलं. तुझ्यामुळे माझा संसार झाला रे."

रोलंडने पेल्यावर चमचा वाजवला.

"आता टोर्नी बोलणार."

टोर्नी उठला. गुन्वोर कौतुकाने त्याच्याकडे पाहत होती.

"स्टूरेच्या गुन्वोरसाठी," तो म्हणाला, "चार वेळा हुर्रे."

सगळे रीतीप्रमाणे चारदा हुर्रे ओरडले.

"एवढंच? मग नाव कशाला दिलंस?" रोलंडने विचारलं.

"लांबण लावू नकोस, तूच म्हणालास ना," म्हणत टोर्नी खाली बसला. गुन्वोर तोवर पुढच्या टेबलाला कॉफी वाढायला गेली होती.