मागच्या बाकावरची माणसं

"आधी मागं काय आहे ते बघ, पोरी. समोरचं मग."

ग्लेंडा शाळकरी होती तेव्हा वडिलांनी तिला कुरणाच्या कडेला उभं करून हे सांगितलं होतं. हातात छोटी रायफल, समोर कुंपणाच्या खांबावर रिकामा डबा, आणि डब्याच्या बरोबर मागं, झाडीपलीकडे, शेजाऱ्यांची गाय चरत होती. गाय हलेपर्यंत वडिलांनी तिला तसंच उभं ठेवलं. हात भरून आले, डोळ्यांत पाणी आलं, तरी नेम खाली घेऊ दिला नाही की गोळी सोडू दिली नाही.

आता ग्लेंडा स्टॉलकपची साठी उलटली होती. अमेरिकेत, ओझार्कच्या डोंगरातल्या त्या गावात तिच्यासारखा नेम दुसऱ्या कुठल्या बाईचा नव्हता, आणि चर्चच्या दारात तिच्यासारखं मायेनं हात हातात घेणारंही दुसरं कुणी नव्हतं. दर रविवारी ती दाराशी उभी राहायची. कुणाचं गुडघ्याचं दुखणं, कुणाची नवी सून, सगळ्यांची विचारपूस तिथंच व्हायची. म्हणूनच रॉइस पेटिग्रू तिच्याकडे आला. पूर्वी तो शेरिफच्या हाताखाली डेप्युटी होता. आता चर्चच्या राखणीचं काम त्याच्याकडे होतं.

"ग्लेंडाताई, दारात पहिली गाठ तुमच्याशी पडते," तो म्हणाला. "तुमच्यावर कुणाचा संशय जायचा नाही. कपड्याखाली एक पिस्तूल ठेवा. पास्टरांनी परवानगी दिलीय."

"कुणासाठी, रॉइसभाऊ?"

रॉइस टोपी हातात फिरवत राहिला. "मी कुणाचं नाव घेतलेलं नाही."

"नाव न घेताच इतकी टोपी फिरवताय."

नाव डस्टिनचं होतं. ग्लेंडाच्या बहिणीचा, मार्लाचा मुलगा. मार्ला गेली तेव्हा तो बारा वर्षांचा होता. तेव्हापासून लग्न होईपर्यंत तो ग्लेंडाच्याच घरी वाढला. आता केला नावाची त्याची बायको त्याला कंटाळून लहान मुलीला घेऊन निघून गेली होती, आणि पास्टरांनी दोघींना आपल्या घरी ठेवून घेतलं होतं. मागच्या रविवारी डस्टिन चर्चच्या अंगणात उभा राहून ओरडला होता, की पुढच्या वेळी मी आत येईन, कोण अडवतं बघू. त्याच्या कंबरेला पिस्तूल होतं. तिथं ते नवलाचं नाही. प्रार्थनेला येणाऱ्या निम्म्या पुरुषांच्या कंबरेला असतं. पण त्या दिवशी सगळ्यांनी त्याच्या कंबरेकडे पाहिलं.

"बघते," ग्लेंडा म्हणाली. रॉइसनं त्याचा अर्थ हो असा घेतला. खरं सांगायचं तर तिचाही अर्थ तोच होता. दार दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं, आणि त्या दुसऱ्याचा हात घाईचा असला, तर?

डेल्बर्टचं दुकान हमरस्त्यावर होतं. पुढच्या बाजूला माशांच्या गळाला लावायचे जिवंत किडे, मागच्या बाजूला बंदुका. ग्लेंडाचा नवरा गेलन सोबत होता, आणि काउंटरवर आधीपासून दोन म्हातारे कॉफी पीत बसले होते. त्यांचं तिथं काही काम नव्हतं. म्हणूनच ते रोज यायचे.

डेल्बर्टनं सगळ्यांत आधी गुलाबी मुठीचं एक चिमुकलं पिस्तूल काढलं. "बायकांना हे फार आवडतं. पॉइंट थ्री एटी, बारीक गोळी. पर्समध्ये कुठं आहे कळतसुद्धा नाही."

"कळत नाही ना, तीच तर अडचण आहे," ग्लेंडा म्हणाली. "माझ्या पर्समध्ये मला चष्मा सापडत नाही."

म्हातारे हसले. त्यातला एक म्हणाला, "पंचेचाळीसची मोठी गोळी द्या हो तिला. एकदा लागली की माणूस पुन्हा विचारायला येत नाही."

"तुला कुणी विचारायला येतं का, हर्शेल?" गेलननं टोला हाणला. "तिचे अंगठे बघ. संधिवातानं सुजलेत."

तिनं ते चिमुकलं हातात घेतलं. वरचा भाग, ज्याला ते लोक स्लाइड म्हणतात, मागं ओढायला गेली तर बोटांतून कळ उठली. एवढीशी वस्तू, पण आतली स्प्रिंग हट्टी. मागच्या आवारात एक गोळी झाडून पाहिली तेव्हा हाताला असा झटका बसला की मनगट दुखावलं. लहान बाईला लहान पिस्तूल, असा हिशेब तिकडची पुरुषमंडळी नेहमी करतात, आणि नेहमी चुकतात. वजनच नाही तर धक्का जाणार कुठं? तो हातातच येतो. मग डेल्बर्टनं अडतीसचं आखूड रिव्हॉल्व्हर दिलं; त्याचा चाप दोन बोटं लावली तरच हलत होता. शेवटी जरा मोठं, जड, नाइन एमएमचं पिस्तूल आलं. स्लाइड सहज मागं आली. धक्काही सोसवला. कार्डावरच्या काळ्या वर्तुळात तिच्या गोळ्या एका मुठीत मावतील इतक्या जवळ बसल्या.

"झालं तर मग," हर्शेल नाराजीनं म्हणाला. "नाइन. पोरं खेळायला घेतात."

"बाक किती जवळ आहेत आपले," ग्लेंडा म्हणाली.

कुणालाच काही कळलं नाही. तिनं समजावून सांगितलं. दारातून आत झाडलेली गोळी माणसातून पार गेली, तर पुढं कुठं जाईल? तिसऱ्या बाकावर हॉब्सची माणसं बसतात, म्हातारी आजी कडेला. त्यांच्या मागं डस्टिनची केला, मांडीवर मुलगी घेऊन. "मला थांबणारी गोळी हवी. माणसात थांबणारी."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो हे तिचं तिलाच ऐकू आलं.

शुक्रवारी दुपारी गेलननं गोठ्यामागं फळी टाकली. दुधाचे रिकामे प्लास्टिकचे कॅन तिकडे कुणी टाकत नाही. पाण्यानं भरून ओळीनं मांडायचे आणि कुठली गोळी कितव्या कॅनात अडकते ते पाहायचं, हा सगळ्यांचा उद्योग. साधी गोल टोकाची गोळी सगळी ओळ फोडून मागच्या मातीत घुसली. टोकाला खळगा असलेली गोळी पाण्यात फुलासारखी उलगडली आणि तिसऱ्याच कॅनात बसून राहिली.

"हीच," ग्लेंडा म्हणाली.

"थांब, अजून एक," गेलन म्हणाला. "नागड्या कॅनाला काय विचारायचं? माणूस कपडे घालून येतो. जाड कापडात त्या खळग्यात चिंध्या भरतात, आणि मग गोळी उलगडतच नाही. पार जाते." तो गोठ्यात गेला आणि खुंटीवरचा तपकिरी कॅनव्हासचा कोट घेऊन आला. पहिल्या कॅनाला त्यानं तो नीट पांघरला, वरचं बटणसुद्धा लावलं. "हिवाळ्यात सगळ्यांच्या अंगावर हाच असतो. त्याच्याही."

ग्लेंडानं नेम धरला. आधी मागं पाहिलं. मातीचा उंच बांध होता. मग चाप ओढला.

खळग्याची हलकी गोळी खरोखरच पार गेली. त्याच जातीची जड गोळी कापडातून जाऊनही उलगडली आणि चौथ्या कॅनात थांबली. गेलन खूश झाला. "बघ, हे काम झालं. वजनदार घ्यायची." तो कोट झटकून तिच्याकडे घेऊन आला, भोकं दाखवायला. कोटाच्या कॉलरला आतून निळ्या धाग्यानं 'डी' शिवलेला होता. तो तिनंच शिवला होता, डस्टिनच्या शाळेत कोट बदलले जायचे म्हणून.

गेलननं अक्षर पाहिलं. त्याचा चेहरा उतरला. "अगं, मला... खुंटीवर होता. मी जुना म्हणून उचलला."

"जुनाच आहे," ती म्हणाली. तिनं कोट घेतला, ओल्या बाजूची घडी आत घातली. भोकं छातीवर होती, अगदी मध्यावर. तिचा नेम चांगला होता.

ग्लेंडाचा रोजचा एक नेम होता. सकाळी तोंडात घोटभर पाणी घ्यायच्या आधी ती खुर्चीपाशी गुडघे टेकून घरच्यांची आणि गावातल्या दुखल्याखुपल्यांची नावं देवापुढं घ्यायची. मार्ला गेल्यापासून एक दिवसही डस्टिनचं नाव चुकलं नव्हतं. शनिवारी ती त्या नावापाशी आली आणि अडली. काय मागायचं? त्याला सांभाळ म्हणायचं, आणि मग उठून त्याच्यासाठी पारखून घेतलेल्या गोळ्या भरायच्या? कितीतरी वेळ ती नुसती गुडघ्यांवर होती. गेलन दोनदा डोकावून गेला. त्या दिवशी नाव घेतलं गेलं, पुढं मागणं आलं नाही.

दुपारी फोन वाजला.

"मावशी." मागं, डस्टिन कामाला होता त्या खाणीतल्या यंत्रांचा खडखडाट होता. "तुला दारात उभं करणार म्हणे."

"कोण म्हणालं तुला?"

"कुणी नाही. डेल्बर्टकडे किडे घ्यायला गेलो, तर तो गप्प. डेल्बर्ट गप्प बसला की समजायचं आपल्याबद्दल आहे." तो थोडा हसला. "काय घेतलंस?"

"नाइन."

"बरं केलंस. अडतीसचा चाप तुला झेपला नसता. आणि गोळी?"

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खळग्याची घे. जड घे. हलकी कोटात अडकली की..." यंत्रांचा आवाज मधे भरून राहिला. "बघितलंत वाटतं तुम्ही. कोट घालून."

"हो," ग्लेंडा म्हणाली. खोटं तिच्यानं बोलवेना.

"काकानं ना? काका कामाचा पक्का." मग त्याचा आवाज आला, पूर्वी अंगणातून घरात हाक मारायचा तसा. "मावशी, मला रविवारची भीती वाटते. एरवी मी बरा असतो. रविवारी माझ्या ट्रेलरघराच्या खिडकीतून पास्टरांची गाडी पुलावरून जाताना दिसते. मागच्या काचेत पोरीचं डोकं दिसतं. मग मी काय करीन ते मलाच कळत नाही. माझ्याजवळचं सगळं घेऊन जा तू. दोन पिस्तुलं आहेत, बाबांची शॉटगन आहे. तुझ्या कपाटात कुलूप लावून ठेव, मी मागितलं तरी देऊ नकोस."

"आत्ता येते."

"आत्ता मी खाणीवर आहे. सुटेपर्यंत अंधार पडेल, आणि अंधारात तू गाडी चालवत नाहीस. उद्या ये, गाडी पुलावरून जायच्या आत. रॉइसच्या हातात मी देणार नाही. काकाच्याही नाही. एकटी ये. आणि अंगावर काही ठेवू नकोस, मावशी. असलं तर तुझ्या चालण्यावरून मला कळेल. मग माझा भरवसा मी देत नाही."

"एकटी येईन. काही न घेता. शब्द दिला."

गेलनला तिनं सगळं सांगितलं. तो भांडी विसळत होता. हातातली बशी तशीच धरून उभा राहिला.

"रॉइसला कळवू."

"रॉइस आला की डस्टिन आतून कडी लावील. आणि मग?"

"आणि त्याचं डोकं फिरलं तर? दारात तू, हातात काही नाही?"

"तरी मी जाणार, गेलन."

"मग मी मागून येतो. लांब उभा राहतो, झाडीत."

"शब्द एकटीचा दिलाय."

"शब्द," तो म्हणाला. बशी त्यानं तशीच ओली ठेवली. "त्यानं बायकोलाही दिले होते शब्द."

रात्री दोघंही जागे आहेत हे दोघांनाही कळत होतं.

रविवारी तिनं गुडघे टेकले, नावं घेतली, आणि डस्टिनच्या नावापाशी थांबून एवढंच म्हणाली, की त्याला घरी असू दे. मग उठली. चर्चला जायचा निळा झगा घातला. पिस्तूल रिकामं करून गेलनच्या हातात दिलं.

"केलाला आणि पोरीला आज बाकावर नको, पास्टरांच्या खोलीत बसव," ती म्हणाली. "आणि दारात तू उभा राहा. हॉब्स आजींचा हात हलकेच धर, त्यांचं मनगट दुखतंय."

गेलननं मान हलवली. तिच्या गाडीच्या काचेवर दव होतं. ते त्यानं बाहीनं पुसून दिलं.

ग्लेंडानं बंदुका गुंडाळायला एक जाड घोंगडी मागच्या सीटवर टाकली, गाडी सुरू केली आणि फाटकाबाहेर काढली. डावीकडे चर्च होतं. ती उजवीकडे, डस्टिनच्या ट्रेलरकडे जाणाऱ्या नदीच्या रस्त्याला वळली.