चौकट मी खाल्ली नाही

चप्पल खाली ठेवा आणि ऐका. मी बोलतेय. मागच्या दाराजवळच्या कुंडीखाली राहणारी, डिवचलं की अंगाची गोळी करणारी, राखाडी पाठीची. किडा म्हणा हवं तर, पण मुळात मी खेकड्या-कोळंबीच्या गोतातली. मला चौदा पाय आहेत आणि मी श्वास कल्ल्यांनी घेते. ओल नसेल तर गुदमरते.

माझा जन्म याच कुंडीखालचा. सडलेली पानं खायची, त्यांची माती करायची, हे आमचं पिढीजात काम. कधी एखादं कोवळं रोप कुरतडलं असेल, तेवढं कबूल. पण जे केलंच नाही त्याची माफी मी मागणार नाही.

या घरात दोन जावा. कपडे वाळत घालायच्या दोरीवरून त्यांचं वाजलं आणि तेव्हापासून अबोला. सगळे निरोप सासऱ्यांमार्फत. ते बिचारे मधे बसून वर्तमानपत्र वाचल्याचं सोंग करतात.

एकदा थोरलीने कुंडी सरकवली. खाली आम्ही चाळीसेक जण. शेजारी दाराची चौकट, बुडाशी फुगलेली, बोट लावलं की भुगा हातात येणारी.

"बाबा, तिला सांगा, चौकट किड्यांनी खाल्ली."

"बाबा, त्यांना सांगा, मला डोळे आहेत. फवारणीवाल्याला बोलावलंय उद्या."

"दोघींनी ऐकलंत ना एकमेकींचं?" सासरे म्हणाले. "मग मी काय पुन्हा सांगू?"

झाला आमचा न्याय. साक्ष नाही, पुरावा नाही, सरळ शिक्षा.

माझ्या पोटाखालच्या पिशवीत तेव्हा अंडी होती, तीस-पस्तीस. पळायचं तर कुठे? घरातल्या कोरड्या फरशीवर मी दोन दिवसांत वाळून जाईन, पिल्लांसकट. म्हणून तिथेच राहिले.

दुसऱ्या दिवशी फवारणीवाला आला. पाठीवर औषधाची टाकी. वाकून त्याने गवताच्या काडीने मला टोचलं. मी गोळी झाले.

"ही वाळवी नाही हो," तो म्हणाला. "वाळवी अशी गोळी होत नाही. धड लाकूड हिला खाता येत नाही. ही चावत नाही, धान्यात जात नाही. तुमची चौकट पाण्याने कुजलीय. कुंड्यांना पाणी किती वेळा घालता?"

"एकदाच. रोज सकाळी," थोरली म्हणाली.

"एकदाच. रोज संध्याकाळी," धाकटी म्हणाली.

सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"तू पण घालतेस?" थोरलीने विचारलं. थेट.

"तुम्ही विसरता म्हणून."

"मी विसरते?"

"भांडण नंतर करा," फवारणीवाला म्हणाला. "आधी कुंड्या विटांवर चढवा, भिंतीपासून हातभर लांब. खालचा पाला उचला. दाराखालची फट बुजवा. पाणी माती सुकल्यावरच. घरात आल्याच तर झाडून बाहेर टाका. औषधाची गरज नाही."

"आलाच आहात तर थोडं मारून जा की," धाकटी म्हणाली. "टाकी भरलेलीच आहे."

चौदाही पाय पोटाशी घट्ट धरून मी ऐकत होते. गरज नाही, पण टाकी भरलेली आहे. केवढं मोठं कारण.

"नको. माझी रोपं जळतील," थोरली म्हणाली.

"आपली," धाकटी म्हणाली. पण औषधाचा हट्ट तिने सोडला.

म्हणजे मी वाचले ते रोपांमुळे. मी उपकार मानणार नाही.

त्यांनी आम्हाला सुपलीत भरून परसातल्या पाल्याच्या ढिगाऱ्यावर टाकलं. आठवड्याभराने पिशवी उघडली आणि माझी पिल्लं बाहेर आली, पांढरी, टाचणीच्या टोकाएवढी. आता ती आपापला पाला खातात.

त्यातलं एखादं उद्या तुमच्या उंबरठ्यावर दिसेल. बाहेर काढा, घर तुमचं आहे. पण विषाला हात घालण्याआधी एकदा खाली वाका आणि ओल कुठून येतेय ते बघा. तेवढं वाकणं जमत नसेल, तर आम्हाला कीड म्हणायचा तुम्हाला अधिकार नाही.